तिरका काप खाली

दार वाजलं की आमच्या सोसायटीत आधी गॅलरीकडे धावायची पद्धत होती. कुंडीतली माती ओली आहे का, फांदीला टॉवेल टेकलेला नाही ना, कुणी बुडाशी चहाचा चोथा ओतून ठेवलेला नाही ना, एवढं बघायचं आणि मगच कडी काढायची. कारण दारात साळवेकाका असण्याची शक्यता असे.

"इन्स्पेक्शन," एवढंच म्हणायचे आणि चपला काढून थेट गॅलरीत. येऊ का नाही, जेवताय का नाही. एकदा आमच्या शेजाऱ्यांकडे मुलगी बघायला पाहुणे आले होते. पोह्यांच्या बश्या हातात घेऊन बसलेल्या त्या सगळ्या मंडळींच्या मधून साळवेकाका गेले, कुंडीत बोट खुपसलं, बोट पाहुण्यांसमोर धरलं आणि म्हणाले, "ही माती आहे? हे वाळवंट आहे." पाहुण्यांनी नंतर नकार कळवला. त्याचं कारण वेगळं होतं म्हणतात, पण शेजारीण अजून साळव्यांनाच दोष देते.

प्रकरण होतं जाईचं. बदलापुरात हेंद्रेपाड्यात आमची सोसायटी, आणि तळमजल्यावर मागच्या बाजूला साळव्यांचं घर. घरामागे कंपाउंडच्या भिंतीवर त्यांची जाईची वेल पसरलेली. बुंधा मनगटाएवढा. श्रावणात ती फुलली की तिसऱ्या मजल्यावर माझ्या स्वयंपाकघरात फोडणीचा वास हरायचा. या वेलीची फांदी साळवेकाकांनी सोसायटीत घरोघरी दिली होती. फुकट दिली होती. पण दिलेली फांदी जन्मभर त्यांच्या देखरेखीखाली राहायची. लेक दिलेल्या घरी कुठलाही बाप इतक्या फेऱ्या मारत नसेल.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. उभा जन्म हातात गेज घेऊन गेला. समोर सुटे भाग यायचे, काका मापायचे, बरोबर तर पास, नाही तर रिजेक्ट. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने गेज ठेवून घेतलं आणि सवय घरी पाठवली. मग त्यांनी दूध रिजेक्ट केलं, इस्त्रीवाल्याची घडी रिजेक्ट केली, सोसायटीच्या चेअरमनचं झेंडावंदनाचं भाषण रिजेक्ट केलं, तेही भाषण चालू असताना. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी विहारात वाचन असायचं, तिथे काका पितळी वाटीभर जाई घेऊन जायचे. ती फुलंही आधी पेपरवर पसरून तपासली जायची. पाकळी दुमडलेलं फूल बाजूला. बुद्धापर्यंत जाणाऱ्या मालालाही साळव्यांचा शिक्का लागत होता.

फांदी देण्याचा सोहळा असे. आयतं रोप मागितलेलं त्यांना खपत नसे. "रोप म्हणजे शिजवलेला भात. कोणी पण खाईल. फांदी घ्या, मुळं तुम्ही आणा." मग ते वेलीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. फुललेली फांदी नको, कोवळी नको, अगदी जून नको. पेनाएवढ्या जाडीची एक निवडून कात्रीने वितभर तुकडा काढायचे. वरचं टोक सरळ कापायचं, खालचं तिरकं. मग तो तुकडा तुमच्या नाकासमोर धरून म्हणायचे, "तिरका काप खाली, सरळ काप वर. बोला."

आणि बोलावं लागायचं. विम्याचे एजंट असलेले, पोट सुटलेले, दोन मुलांचे बाप असलेले गृहस्थ साळव्यांच्या अंगणात उभे राहून "तिरका खाली, सरळ वर" म्हणताना मी स्वतः पाहिले आहेत. आवाज कमी पडला तर परत म्हणायला लागायचं.

मीही म्हटलं होतं. घरी आले, फांदीच्या बुडाला शेण लावलं, रेतीची कुंडी तयार केली, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि फोन वाजला, आणि त्या गडबडीत मी फांदी उलटी खोचली. आठवडाभराने काका आले. कुंडीवर घातलेली प्लास्टिकची पिशवी त्यांनी उचलली आणि खाली लादीवरच बसले.

"बाई, तुम्ही शाळेत काय शिकवता?"

"भूमिती."

"पोरांचं कठीण आहे," ते म्हणाले.

मग मला व्याख्यान मिळालं. फांदीला डोळे असतात. डोळे वर बघतात. मूळ खालच्या टोकालाच फुटतं, वरच्याला फुटत नाही. "उलटी लावली ना, की ती बिचारी वाट बघते. काही दिवस हिरवीच दिसते. माणसाला वाटतं, जगली. आतून संपलेली असते. म्हणून मी काप तिरका करतो, आंधळ्याला पण हाताने कळावं. आता तुम्हाला डोळे असून कळलं नाही त्याला मी काय करू?" एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी ही बातमी खाली नेली. पुढे कितीतरी दिवस भाजीवाली मला विचारायची, "काय बाई, झाड सुलटं झालं का?"

दुसरी फांदी मात्र माझी लागली. पानं आली, वेल खिडकीच्या गजापर्यंत चढली. मी खुशीत होते. मग एका रविवारी माझ्या नवऱ्याने तिच्या आधाराच्या काठीवर बनियन वाळत घातलं, आणि नेमके त्याच दिवशी काका आले. त्यांनी बनियन दोन बोटांनी उचलून नवऱ्याच्या हातात दिलं, कुंडी उचलली, "जप्त," म्हणाले आणि जिना उतरून गेले. आम्ही दोघं शिकलेली माणसं. दोघंही गप्प बसलो.

अशा जप्त कुंड्यांची त्यांच्या अंगणात रांगच लागली होती. पोलीस ठाण्याच्या आवारात पकडलेल्या स्कूटरी पडून असतात तशा. फरक इतकाच की या कुंड्या टवटवीत होत्या आणि मालक जिन्यातून जाता-येता त्यांच्याकडे आशेने बघत.

या माणसाला एक मुलगी होती, वैशाली. माझ्याच शाळेतली. भूमितीत हुशार, म्हणजे वडिलांच्या मते माझ्या शिकवण्याला न जुमानता हुशार. ती उल्हासनगरला एका दुकानात हिशेबाचं काम बघायची. शेजारच्या पडद्याच्या कापडाच्या दुकानातल्या हरीशशी तिचं जमलं. दोघांनी कोर्टात लग्न केलं आणि मग घरी सांगितलं.

हरीश सिंधी म्हणून काका चिडले, असं सोसायटीत पसरलं. ते खरं नव्हतं. जात मोडा, भिंती मोडा, हे काका स्वतः विहारात माईक हातात घेऊन सांगायचे. त्यांचं दुखणं वेगळं होतं. "मला न दाखवता माल आत घेतला," ते म्हणाले. आयुष्यभर ज्यांच्या सहीशिवाय एक स्क्रू पुढे गेला नाही, त्या माणसाच्या घरात एवढी मोठी गोष्ट तपासणीशिवाय पास झाली होती. "आणि तो पण उल्हासनगरचा! उल्हासनगरच्या मालाला मी जन्मात पास दिला नाही." वैशाली नवऱ्याला घेऊन भेटायला आली तेव्हा काकांनी दार उघडलं, दोघांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर घरात तिचं नाव बंद. कुणी काढलंच तर काका उठून वेलीला पाणी घालायला जात. त्या काळात वेलीला फार पाणी झालं.

काकू मात्र दर पंधरवड्याला दाताच्या डॉक्टरकडे जाऊ लागल्या. जाताना डब्यात मुटके किंवा पुरणपोळ्या असायच्या. इतके उपचार होऊन काकूंचे सगळे दात शाबूत कसे, हे काकांनी कधी विचारलं नाही. स्क्रूचा केसभर फरक ओळखणाऱ्या माणसाला हे दिसलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

मग दोन हजार पाचचा जुलै आला आणि नदी आमच्या सोसायटीत आली. तळमजल्यावरचे सगळे वर चढले. साळवे नवरा-बायको आमच्याकडे राहिले. खाली तपकिरी पाण्यात कुणाचा फ्रीज, कुणाची गादी, कुणाचं शिलाई मशीनचं टेबल फिरत होतं. काका गॅलरीत उभे. त्यांचा स्वतःचा टीव्ही डोळ्यांदेखत गेला, त्यावर त्यांनी काही मत दिलं नाही. "मुळं कुजतील," एवढंच म्हणत होते.

मुळं कुजायची वेळच आली नाही. संध्याकाळी कंपाउंडची भिंत पडली आणि वेल तिच्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर जेसीबीने ढिगारा उचलला, त्यात विटा, चिखल, गाद्या आणि जाई एकत्रच गेली. काका मागे धावले होते, पण जेसीबीवाल्याला रिजेक्ट म्हटलेलं ऐकू जात नाही. जप्तीचा मालही सगळा तळमजल्यावरच होता. तो पाण्याबरोबर केव्हाच कल्याणच्या दिशेने गेला होता.

लोक घरातला चिखल काढत होते, भिजलेले तांदूळ पसरत होते, आणि काका हातात कात्री घेऊन दारोदार फिरत होते.

"तुमच्याकडे एक होती ना?"

"काका, ती तुम्हीच नेली ना."

पुढचं दार. "तुमची बरी लागली होती."

"म्हणूनच नेलीत की. पाणी जास्त घालतो म्हणून."

वरच्या मजल्यांवर ज्यांच्या जप्त झाल्या नव्हत्या त्यांनी तपासणीला कंटाळून केव्हाच मनीप्लांट लावला होता. मनीप्लांट कुणी तपासायला येत नाही. मी हे सगळं जिन्यातून ऐकत होते आणि मला हसू येत होतं, खोटं कशाला बोलू. इतक्या लोकांना इतकी वर्षं धारेवर धरणाऱ्याला त्याचीच कात्री लागली होती. पण मग ते आमच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, पायरीवर बसले. कात्री बाजूला ठेवली.

त्यानंतर ते बदलले. नासकं दूध आलं तरी मुकाट्याने घेतलं. पंधरा ऑगस्टला चेअरमन नेहमीपेक्षा लांबले, काका शेवटपर्यंत ऐकून टाळ्या वाजवून आले. सोसायटीत काहीच रिजेक्ट होईना. आम्हाला सगळ्यांना हायसं वाटायला हवं होतं. उलट करमेना. मी म्हटलं, "काका, नर्सरीतून आणू या एक." ते घरात निघून गेले.

काकूच एक दिवस वर आल्या, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "बाई, एक आहे जिवंत. वैशूकडे. मीच नेलेली काडी, ओल्या रुमालात गुंडाळून. तुम्ही सांगा ना यांना. माझ्या तोंडून निघत नाही."

"एवढं काय आहे हो त्या वेलीत?"

"वैशूच्या वेणीसाठी लावलेली ना ती," काकू म्हणाल्या. "रांगत होती तेव्हा. केस कुठे आले होते तिला? हे म्हणाले, वेल चढेपर्यंत येतील."

मी खाली गेले आणि काकांना सरळ सांगितलं. उल्हासनगरला एका घरी तुमच्या जाईची वेल आहे. कुणाचं घर ते त्यांनी विचारलं नाही. भिंत होती त्या जागेकडे बघितलं. मग म्हणाले, "माल आपला आहे. विनापरवाना गेलेला आहे. जप्त करायला जावं लागेल."

आता मला सांगा, चारपाच वर्षं फोफावलेली वेल हा माणूस बगलेत मारून आणणार होता का? पण पुढच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट, कात्री आणि ओलं गोणपाट घेऊन ते तयार. काकूंनी मलाही बरोबर घेतलं, साक्षीदार म्हणून. अंबरनाथला रिक्षा बदलून आम्ही उल्हासनगरला पोचलो. दार वैशालीने उघडलं. काकांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारलं, "वेल कुठे आहे?"

"वर. गच्चीत."

गच्चीत गेलो आणि मी बघतच राहिले. हरीशच्या दुकानात कुठलाही माल वाया जात नसावा. पडद्याचे जुने रॉड उभे-आडवे बांधून वैशालीच्या सासूने मांडव केला होता, वेलीला पडद्याच्या गोंडेवाल्या दोऱ्यांनी बांधलं होतं, आणि त्या सगळ्या थाटावर जाई नुसती पांढरी झाली होती. काका बुंध्यापाशी बसले. माती चिमटीत घेतली. पान उलटून बघितलं.

"काडी कोणी लावली?"

"मी," वैशाली म्हणाली.

"तिरका काप?"

"खाली." मग तिला हुंदका आला. "बाबा, बोलायला शिकले तेव्हापासून तेच शिकवलंत."

काका खालीच बघत होते. मग एकदम उठून रॉडला टिचकी मारली. "पडद्याच्या रॉडवर जाई? गंजणार हे. रिजेक्ट."

वैशालीची सासू पापडाची ताटली आणि पाणी घेऊन वर आली होती. सिंधी घरात पाहुण्याला आधी पापड. तिने ताटली काकांच्या हातात दिली आणि कमरेवर हात ठेवले. "साईं, हमारे दुकान का रॉड है. जंग लगे तो मेरे को बोलना. पहले पापड खाओ."

इतक्या वर्षांत काकांना प्रतिस्पर्धी भेटला नव्हता. त्यांनी पापड उजेडात धरला, उलटासुलटा करून बघितला, कडेने मोडला. पापड कुर्रकन वाजला. काहीच दोष सापडेना. त्यांनी तो खाल्ला आणि वैशालीकडे न बघता म्हणाले, "अजून एक आहे का?" वैशाली खाली धावली.

परत निघताना गोणपाटात चांगल्या जाडीच्या काड्या होत्या. जप्तीचा विषय कुणी काढला नाही.

मला वाटलं, झालं. साळव्यांनी हात लावला की छत्रीच्या दांड्यालाही मुळं फुटतील. पण आठवड्याने काका जिन्यात भेटले आणि मान हलवून म्हणाले, "धरल्या नाहीत. नवीन आणायला लागतील." रविवारी परत उल्हासनगर. पुढच्या आठवड्यातही तेच. रेती बरोबर नव्हती, मग पाणी बरोबर नव्हतं, मग हवाच बरोबर नव्हती. पावसाळा सरत आला, नवी भिंत उभी राहिली, आणि काकांची एकही फांदी लागेना. सोसायटीत कुजबुज सुरू झाली, म्हाताऱ्याचा हात गेला म्हणून. विमा एजंटांना तर आनंद लपवता येत नव्हता. मीही एकदोनदा टोमणा मारून घेतला. जुनी उधारी होती, भाजीवालीच्या त्या प्रश्नाची.

एका रविवारी संध्याकाळी काकूंचा डबा परत करायला खाली गेले. काका उल्हासनगरलाच होते. काकू चहा टाकायला आत गेल्या आणि मी मागच्या अंगणात डोकावले. नव्या भिंतीच्या कडेला कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. रेती चाळलेली, ओल नेमकी, पिशव्या नीट घातलेल्या. कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. मी एक पिशवी उचलली.

काडीचं वरचं टोक तिरकं होतं.

मी दुसरी पिशवी उचलली. तिरकं. तिसरी, चौथी. सगळ्या काड्यांचे तिरके काप आकाशाकडे होते. मला आधी वाटलं, डोळे गेले यांचे. मी एक काडी उपटून सुलटी करायला हातही घातला. तेवढ्यात काकू चहा घेऊन दारात आल्या. त्यांनी माझा हात बघितला, कुंडी बघितली आणि म्हणाल्या, "राहू दे, बाई. लागली की मग कशाला जातील?"

मी हात काढून घेतला. मुलीकडे नुसतं मुलीसाठी जायचं, हे या माणसाला जमणारं नव्हतं. त्याला तपासणीला काहीतरी लागत होतं.

गेट वाजलं. काका आले. एका हातात ओलं गोणपाट, दुसऱ्या हातात सिंधी कढीचा डबा, आणि शर्टाच्या खिशात जाईची चार फुलं, त्यातल्या एकाची पाकळी दुमडलेली. मला कुंड्यांपाशी बघून ते थबकले. पिशव्या उघड्याच होत्या.

"बघितल्यात?" त्यांनी विचारलं.

"बघितल्या."

"काय वाटतं?"

मी भूमितीची बाई. समोर सगळे कोन उलटे दिसत होते.

"रिजेक्ट," मी म्हटलं. "एकही धरायची नाही, काका."

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग गोणपाट खाली ठेवलं आणि किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं.

"मग काय," ते म्हणाले, "रविवारी परत जावं लागणार." आणि आत वळून काकूंना विचारू लागले की निळा शर्ट इस्त्रीला टाकला आहे का.